तेल घालू नका

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. तुम्ही म्हणाल, दाराची कसली आली आहे जीवनकथा? उघडले, मिटले, संपले. पण मी साधेसुधे दार नव्हे. मला भिंतच नाही. एका चौकटीत मला उभे केले आहे, चौकटीला खाली लोखंडी पाय आहेत, आणि माझ्या दोन्ही बाजूंना एकच खोली आहे. माझ्यातून कुणी कुठेच जात नाही. तरीही तुमच्यापैकी अनेकांनी माझा आवाज ऐकून पांघरूण डोक्यावर ओढले आहे. भुताच्या सिनेमात अंधारात एखादे दार कर्रर्र करत उघडते ना, ते मी. मला याचा अभिमान वाटायला हवा. खरे सांगते, बहुतेक वेळा मला किळस येते.

मला बनवणारा सुतार घाईत होता. लाकूड पुरते वाळलेले नव्हते आणि वरची बिजागरी जरा तिरकी बसली. मला हलवून पाहत तो म्हणाला, "चालतंय." त्याच्या त्या 'चालतंय'मुळे मला कंठ फुटला. पुढे मला एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसवले. बाहेर बाकावर माणसे गाल धरून बसलेली असत. मी कर्रर्र केले की सगळ्यांच्या माना खाली जात, न जाणो आपलाच नंबर असायचा. पैलवानासारखा एक गृहस्थ "जरा पाणी पिऊन येतो" असे सांगून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. ती भीती खरी होती. तिथेही रक्त होते, पण ते कुणी मुद्दाम दाखवत बसत नसे. रोग्याने चूळ भरली की डॉक्टर लगेच नळ सोडायचे. सिनेमा बनवणाऱ्यांना एवढी रीत कळायला हवी होती.

डॉक्टरांनी काचेचे दार घेतले आणि मी भंगारवाल्याकडे गेले. फुटक्या बेसिनला टेकून पाऊस खाल्ला. एक दिवस तिथे एक बाई आल्या आणि एकेक दार उचलून, हलवून, त्याला कान लावू लागल्या. भंगारवाला म्हणाला, "ताई, दार बघतात. ऐकत नाहीत." ताई माझ्यापाशी आल्या, मला हळूच ओढले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तो मी पाहिला. "हेच," असे म्हणून त्या मला घेऊन आल्या.

तुम्हाला वाटत असेल, सिनेमातले सगळे आवाज नटांच्या आजूबाजूचे असतात. तसे नसते. पावले, भांडी, कपड्यांची सळसळ, सगळे मागाहून अशा एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत केले जाते. ताईंचे काम तेच. काचेपलीकडे यंत्रांपुढे एक मिशीवाले बसतात, ते आवाज धरून ठेवतात. या खोलीत मला कोरड्या फडक्याने पुसतात, पावसाळ्यात चादरीने झाकतात, आणि माझ्या बिजागरीला तेलाचा थेंबही लागू देत नाहीत. ही गोष्ट इथे सगळ्यांना इतकी ठाऊक होती की कुणी ती कधी सांगितली नाही, की लिहून लावली नाही.

आता माझी मते ऐका. इतक्या वर्षांत मी जेवढे भयपट पाहिले तेवढे कुणी पाहिले नसतील, आणि पाहू नयेत.

पहिला राग रक्ताचा. आमच्याकडे एक दिग्दर्शक येतात, त्यांना सगळे मागून 'रक्तवाले साहेब' म्हणतात. त्यांच्या सिनेमात माणसे मरत नाहीत, फुटतात. आणि ते फुटणे कशाचे असते? ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या टोमॅटोचे! हाड मोडले की कोबीचा देठ मोडायचा, पोट फाडले की कलिंगडात हात घालायचा. प्रेताने माणसाला खाल्ले, त्या दिवशी मिशीवाले माइकला तोंड लावून पिकलेले आंबूस पेरू मचामचा खात होते. शिंतोडे माझ्या फळ्यांवर उडाले. नंतर खोलीला कितीतरी दिवस कुजक्या कोबीचा वास येत होता. साहेब मात्र काचेमागून सांगत होते, "अजून ओलं हवंय! अजून ओलं!" मला नाक नाही म्हणून वाचले, पण लाकूड वास धरून ठेवते, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरा राग आळसाचा. कथेत भीती नसली की माझा आवाज टाकतात. मी शवपेटी झाले आहे, कपाट झाले आहे, तळघराची झडप झाले आहे. एका सिनेमात तर मी फ्रिज होते. नवाकोरा, पांढराशुभ्र फ्रिज उघडतो आणि कर्रर्र करतो! असा फ्रिज मी तरी दुकानात परत दिला असता. साहसपटांची गत वेगळी नाही. गुहेतला दगड बाजूला सरकतो आणि आवाज बिजागरीचा. हजार वर्षे बंद असलेल्या गुहेत मशाली आधीपासून पेटलेल्या. नायक नदीतून, चिखलातून, आगीतून जातो आणि त्याचा भांग जागेवर. त्याला ना भूक लागते, ना खोकला येतो. अशा माणसाचे शेवटी काय होणार याची काळजी मी कशाला करू?

पुस्तकेही मला ठाऊक आहेत, कारण रिकाम्या दिवशी इथे एक वाचनबाई पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. मागे एक जाडजूड भयकादंबरी वाचली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी "आणि तेवढ्यात मागे काहीतरी हललं", आणि पुढच्या प्रकरणात मांजर. पुन्हा हलले, पुन्हा मांजर. शेवटी वाचनबाई पुस्तक मिटून म्हणाल्या, "या घरात माणसं कमी आणि मांजरंच जास्त आहेत." लेखकाने मला फसवले याचा राग नाही आला. इतके आळशीपणाने फसवले, याचा आला.

पण सगळेच वाईट आहे असे म्हटले तर तो माझा आळस होईल. त्याच बाईंनी एक लहानसे साहसाचे पुस्तक वाचले. त्यात एक माणूस कोरड्या विहिरीत पडलेली बादली काढायला उतरतो आणि दोर तुटतो. बस, एवढेच. खजिना नाही, राक्षस नाही. तो, बादली आणि वर दिसणारे आभाळाचे वाटोळे. बाईंचा पाण्याचा पेला भरलेला तसाच राहिला. मी तर श्वास रोखला होता, दाराला शक्य असेल तेवढा.

आणि मग तो सिनेमा आला.

त्याचा दिग्दर्शक चष्मेवाला, हडकुळा, बोलताना हाताची बोटे मोडणारा. त्याने पडद्यावर मूक चित्र दाखवले. एक म्हातारी घरात एकटी राहते. नवरा वारलेला. ती भाजी निवडते, दिवा लावते, झोपते. एका संध्याकाळी बाहेरचे दार उघडते. आत कुणी येत नाही. ती बघत राहते, आणि मग दुसरे ताट वाढते. भूत दिसत नाही, रक्त तर नाहीच. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पडद्यावरून नजर हलवली नाही.

"ताई," चष्मेवाला म्हणाला, "अख्ख्या सिनेमात जीव असलेला हा एकच आवाज आहे. तो फसला की सिनेमा फसला. माझ्याकडे उद्याचाच दिवस आहे."

"उद्या दार बोलेल," ताई म्हणाल्या. मित्रांनो, मला वाटले, एवढ्यासाठीच आपण त्या भंगारातून निघालो. टोमॅटो आणि फ्रिज सगळे वसूल झाले.

इथे मला ताईंच्या आईबद्दल सांगायला हवे. आईंचे यजमान गेल्यापासून त्यांना घरी करमत नसे, म्हणून ताई त्यांना सोबत आणत. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्या बसत. विणण्याच्या सुया वाजतात म्हणून विणकाम बंद, मग त्या बटणे शिवत. त्यांच्या पिशवीत दोरे, कात्री आणि कात्रीसाठी मशीनच्या तेलाची छोटी कुपी असे. मी वाजले की त्या मान वर करत. दर वेळी. मला वाटे, चला, कुणीतरी मनापासून घाबरते आहे. मी जरा जास्तच जोरात वाजत असे.

त्या दिवशी तो सिनेमा पाहून सगळे चहाला बाहेर गेले. आई उठल्या, माझ्यापाशी आल्या, आणि पदराने माझी बिजागरी पुसली. इतक्या प्रेमाने मला कुणी पुसले नव्हते. मग त्यांनी कुपी काढली. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. पण ओरडण्यासाठी मला कुणीतरी ढकलावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला काचेमागे बसला. ताईंनी मला ओढले. मी लोण्यासारखे उघडले. मिशीवाले म्हणाले, "माइक गेला वाटतं," आणि सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. ताईंनी मला परत ओढले. काही नाही. त्यांनी बिजागरीला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि तिथेच खाली बसल्या.

"तेल कुणी घातलं?"

"मी," आई म्हणाल्या. "कधीचं कुरकुरतंय बिचारं. तुम्हाला कुणाला वेळ आहे का?"

मिशीवाल्यांनी कपाळाला हात लावला. "संपलं. आता मुकं दार ठेवून काय करायचं? जागा अडवतंय नुसतं. ताई, दुसरं शोधा, हे देऊन टाका." चष्मेवाला बोटे मोडायचेही विसरला. मला ते भंगारातले फुटके बेसिन आठवले.

"आई, अगं हा आवाज मी किती वर्षं जपला होता!" ताईंचा आवाज चढला. "एका शब्दाने विचारायचं तरी!"

आई हातातले बटण उलटसुलट करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला काय माहीत गं. ते वाजलं की मला मान वर करावी लागते. तुझे बाबा आले असं वाटतं. आपलं दार असंच वाजायचं ना. रोज म्हणायचे, रविवारी तेल घालतो. कुठला रविवार न् कुठलं काय! गेले तसेच. इथे तुम्ही दिवसभर वाजवता. किती वेळा बघू मी?"

मी ज्याला घाबरणे समजून मिरवत होते ते हे होते, मित्रांनो. मला माझीच किळस आली.

ताई उठल्या आणि आईच्या खुर्चीशी जाऊन बसल्या. "मला वाटायचं, तुला इथे बरं वाटतं," एवढेच म्हणाल्या.

"वाटतं की. तू असतेस ना." मग आईंनीच डोळे पुसले आणि पिशवी बाजूला ठेवली. "तेल निघतं. गरम पाणी करा. मी घातलंय, मीच काढते."

बिजागऱ्या काढल्या. सोडा टाकलेल्या गरम पाण्यात बुडवल्या. जुन्या दात घासायच्या ब्रशने आई त्या घासत बसल्या आणि मला दवाखान्याची आठवण झाली. मग त्या उन्हात ठेवल्या आणि सगळे त्यांच्याभोवती उभे राहिले. दुपारी मला पुन्हा जोडले. पहिला आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा निघाला. दुसरा बरा. तिसऱ्याला मिशीवाले खुर्चीतून अर्धे उठले. "आलं! आलं परत!"

ताईंनी मला हळू उघडले, झटक्यात उघडले, रेंगाळत उघडले. चष्मेवाला मान हलवत राहिला. "छान आहे. पण भीती वाटते हो. मला भीती नकोय."

"मग काय हवंय?"

तो बोटे मोडू लागला. कोपऱ्यातून आई म्हणाल्या, "स्वतःच्या घरात असं चोरासारखं येतं का कुणी? आधी थोडंसं उघडायचं. मग थांबून पाय पुसायचे. मग खांद्याने ढकलायचं, हातात पिशव्या असतात ना!"

ताई माझ्यापासून बाजूला झाल्या. "आई, तूच उघड."

"मी? मला नाही बाई जमायचं."

"बाबा उघडायचे तसं. बस."

आई आल्या. माझ्यावर हात ठेवला. पडदा उजळला, म्हातारी भाजी निवडू लागली. आईंनी मला थोडेसे उघडले. मी छोटेसे कुरकुरले. मग आई थांबल्या. पायपुसणे नव्हते, तरी त्यांनी तेवढा वेळ दिला. मग खांदा लावून ढकलले, आणि मी कधी वाजले नव्हते तसे वाजले. लांब, दमलेले, घरी आलेले.

आणि मग, मित्रांनो, ज्यांनी स्वतःच्या हाताने मला ढकलले होते त्या आईंनी मान वर केली आणि माझ्यापलीकडे पाहिले.

पलीकडे तीच खोली होती. मिशीवाले यंत्र बंद करायचे विसरले. चष्मेवाल्याने चष्मा काढून शर्टाने पुसला, पुन्हा पुसला. ताईंनी मागून आईला धरले, आणि त्या दोघी बराच वेळ माझ्या उघड्या चौकटीत उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात रक्तवाले साहेब आले. त्यांना शवपेटीसाठी "ते तुमचं फेमस दार" हवे होते. मिशीवाल्यांनी यंत्रावरून नजरही उचलली नाही. "दार मुकं झालंय साहेब. आजींनी तेल घातलं." कोपऱ्यात आई बटण शिवत होत्या. त्यांनी "हो ना, चूकच झाली माझी" असे म्हणून दोरा दाताने तोडला. मी निमूट उभे राहिले. इतके सुंदर गप्प मी आयुष्यात कधी राहिले नव्हते.

म्हणून मित्रांनो, या जुन्या दाराचे एवढे ऐका. भीती दाखवायची असेल तर टोमॅटो फोडू नका, मांजरे सोडू नका. माणूस कशाची वाट बघतो ते आधी पाहा. आणि घरातले एखादे दार कुरकुरत असेल तर लगेच तेलाची कुपी घेऊन धावू नका. दोन दिवस थांबा, आणि ते वाजले की घरात कोण मान वर करते, ते बघा.