बागेतलं बिऱ्हाड

"स्वयंपाकाचा हॉब काढलास का?" देवयानीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"काढला. फ्रिजपण गॅरेजमध्ये टाकलाय," उदय म्हणाला.

बागेतल्या खोलीत अर्चना फरशी पुसत होती. आता तिथे पलंग, कपाट आणि हीटर एवढंच उरलं होतं. नगरपालिकेची, म्हणजे कौन्सिलची बाई तपासणीला एवढ्यात येणार होती. मागच्या बागेत एक बाई वेगळी राहते, अशी कुणा शेजाऱ्याने तक्रार केली होती.

तक्रार खरीच होती. अर्चना उदयची पहिली बायको. घटस्फोटानंतर ती कॉव्हेंट्रीतच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची. मग मालकाने फ्लॅट विकायला काढला. तिच्या पगारात परवडेल असं शहरात काही मिळेना. मुलगी आर्या बापाकडे राहत होती, तिचं जीसीएसईचं, इथल्या दहावीचं वर्ष. तिला सोडून लांब जाणं अर्चनाच्या जिवावर आलं. तेव्हा उदयची दुसरी बायको देवयानीच म्हणाली होती, "अर्चनाताई, बागेतली आमची जिमची खोली रिकामीच पडलीय. या तुम्ही."

बागेतल्या खोलीत घरातलंच माणूस राहत असेल, घरच्यांबरोबर जेवत असेल, तर कौन्सिलची हरकत नव्हती. वेगळं बिऱ्हाड मांडलं की मात्र परवानगी हवी. घटस्फोट झालेली बायको घरातलं माणूस कशी ठरणार? म्हणून तिला बहीण करायचं ठरलं. देवयानीने सुचवलं, उदयने मान हलवली. अर्चनाही हो म्हणाली. नाही म्हणून जाणार कुठे?

कौन्सिलच्या बाई वयस्कर होत्या, बोलायला मऊ. त्यांनी खोली पाहिली, आत फोटो काढले, मग सगळ्यांबरोबर बागेत येऊन उभ्या राहिल्या.

"या तुमच्या कोण?" त्यांनी उदयला इंग्रजीत विचारलं.

"माझी बहीण."

"जेवण तुमच्याकडेच?"

"हो, रोज," देवयानी म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. आर्या दारात उभी होती, शाळेच्या ब्लेझरमध्ये. बाई तिच्याकडे बघून हसल्या. "म्हणजे ही तुझी आत्या. मजा आहे, आत्या बागेतच राहते!"

आर्याने एकदा आईकडे पाहिलं, मग खाली बुटांकडे. "येस," ती म्हणाली. "शी इज माय आंटी."

अर्चनाला ते सहन व्हायला हवं होतं. मुलीने तिच्यासाठीच तर ते म्हटलं होतं. पण आर्याची नजर बुटांवरून हटत नव्हती, आणि पुढे कोणीही विचारलं की तिला हेच सांगत राहावं लागणार होतं.

"नाही," अर्चना म्हणाली. "मी तिची आई आहे."

बाईंचं पेन थांबलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "आय ॲम सॉरी. आता मला हे नोंदवावंच लागेल."

त्या गेल्यावर उदय बरसला. "एवढा एक शब्द गिळता आला नाही तुला? आम्ही काय स्वतःसाठी खोटं बोलत होतो?"

अर्चना आर्याकडे वळली.

आर्या रडत होती. "आई, तू का असं केला? इट वॉज सॉर्टेड! मी बोलली होती ना!"

"तुला ते बोलायला लागू नये म्हणून गं."

"पण मला चाललं असता!"

उदयने रीतसर परवानगीसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. एवढ्याशा बागेत दुसरं घर बसत नाही, असं कारण आलं, आणि खोली रिकामी करायची मुदत. उदयचं घर दोन बेडरूमचं, तिथे जागा नव्हती. कौन्सिलच्या घरांसाठी रांग मोठी, आणि एकट्या, धडधाकट बाईचा नंबर त्यात कुठेतरी तळाशी. अर्चनाने कामाच्या सुट्टीत फोन करून करून घरं शोधली. मिळाली ती शहराबाहेर ननीटनला, अनोळखी लोकांबरोबरच्या घरातली एक खोली. पाहुण्यांना बंदी. मुलगी असली तरी पाहुणीच.

रोज कामावर येता-जाता तिला वाटे, गप्प बसायला हवं होतं. आर्या निदान खिडकीतून दिसली असती.

आता शनिवारी दोघी शहरात भेटतात. लायब्ररी बंद होईपर्यंत आर्या तिथे अभ्यास करते, अर्चना शेजारी बसते. मग बसच्या थांब्यावर डब्यातलं थालीपीठ खातात. अशाच एका शनिवारी थंडी होती. आर्या परीक्षेबद्दल काहीबाही सांगत होती. सांगता सांगता तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिचा डोळा लागला.

आर्याची घरी जायची बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि दोघींकडे पाहिलं.

अर्चनाने खांदा न हलवता दुसरा हात वर केला, आणि बसला पुढे जायची खूण केली.