डबीवरचं 'मरीन'

माझ्या हाताला आशा भेगा पडल्या हुत्या, की धारंला बसलं की गाय लाथच झाडायची. बिचारीच्या सडाला टोचायचं ना! माझी नात श्रेया बारामतीला औषधांच्या कॉलेजात शिकते. तिनं एक डबी आणून दिली. वर लिवलेलं, मरीन कोलॅजेन.

"मरीन?" मी म्हणलं. "लावल्या लावल्या, का जरा दमानं?"

"आगं आजी, मरीन म्हंजी समुद्रातलं!"

समुद्रातलं म्हणल्यावर मीठ-बीठ आसंल, आसं समजून मी रोज चोपडत गेले. हात आसं मऊ झालं, की गाय गप रवंथ करत हुबी राहायला लागली.

परवा एकादशीला आमच्या ओसरीवर भजन हुतं. आक्काबाई, आमच्या मंडळाची म्होरकी, माझं हात बघून आधीच जळत हुती. तेवढ्यात श्रेयानं इचारलं, "आजी, खाज तर सुटत न्हाय ना? मासळी सोसत न्हाय त्यांना यानं पुरळ येऊ शकतं."

"मासळी?"

"मग! माशाच्या कातडीपासनंच बनवत्यात ते."

आरं देवा! मी माळकरीण. एसटी भिगवणच्या मासळीबाजारावरनं गेली तरी नाकाला पदर लावणारी! आक्काबाईला तर सणच झाला. "गोजरे, माळ बाटली तुझी. उतरव."

आईनं तिच्या हातानं घातलेली माळ. ती घट्ट धरून मी रडायलाच लागले.

"रडू नको गं," श्रेया म्हणाली. "त्याचा कण लई मोठा आसतो, कातडीच्या आत जातच न्हाय, वरच बसतो. आत मुरतं म्हणत्यात ती नुसती जाहिरात."

मी नाक पुसलं. "ऐकलंस का आक्के? आत गेलंच न्हाय! कंपनी खोटं बोलली म्हणून माझी माळ वाचली."

आक्काबाई सोडती व्हय! "मग भेगा कशानं भरल्या?"

"जास्त करून त्यातल्या ग्लिसरीननं," श्रेया बोलून गेली. "ते साध्या मलमातबी आसतं. कुठल्याबी दुकानात मिळतं."

माझं टाळकंच सरकलं. डबी उचलून मी श्रेयाच्या नाकापुढं धरली.

"आगं भवाने, मग त्यो मासा मेला कशाला?"