कमी पाण्यातली डाळ

गंगम्मानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि फाटकाशी थांबलेल्या गाडीकडं बघितलं.

"अण्णा, गाडीत अक्का हाय का? सुट्टी दिली दवाखान्यानं?"

"गाडीत हाय, पर सुट्टी न्हाई," विरूपाक्ष म्हणाला. "पहाटं गेली. घरी न्यायच्या आधी तुमच्या कानावर घालावं म्हणलं."

तूर निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. कुणीतरी आत जाऊन यंत्र बंद करायला लावलं.

विरूपाक्षची बायको शिवकांता, या बायांची अक्का, काही या डाळमिलमध्ये कामाला नव्हती. ती यायची विचारायला. सोलापूरहून डाळ-धान्याच्या व्यापाऱ्यांचं एक मासिक निघायचं, त्याला ती लातूरच्या मिलांवर लेख लिहून पाठवायची. तोंडाला पदर लावून फोलाच्या धुरळ्यात उभी राहायची; मालकाला जे विचारायची तेच झाडणारीलाही विचारायची. मालक लोक आधी हसले. पुढं अंक आला की तेच पहिल्यांदा तिचं पान काढू लागले. लेख टपालात टाकण्याआधी ती या बायांना वाचून दाखवायची. सगळ्यांनी 'हाव' म्हटल्याशिवाय पाकीट बंद होत नसे.

नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या होत्या, पाणी मात्र टँकरनंच येत होतं. तूर भिजवायला पाणी पुरेना, तेव्हा मिलवाल्यांनी ते निम्म्यावर आणलं. तिचा शेवटचा लेख त्यावर होता. आजवर लेखाखाली 'आमच्या वार्ताहराकडून' छापून यायचं. या वेळी तिचं नाव येणार होतं. लेख मात्र, ती दवाखान्यात गेली तेव्हा, शेवटाशी अडला होता.

दिवसकार्य उरकल्यावर विरूपाक्षनं शेवट स्वतः लिहिला आणि कागद घेऊन मिलवर आला. बाया गोल करून बसल्या. तो अडखळत वाचू लागला.

"थांबा अण्णा," गंगम्मा म्हणाली. "इथून तुमचं सुरू झालं."

"कशावरून?"

"'डाळ चवीला चांगली लागते असे म्हणतात.' कोण म्हणतंय? शिजवून खाल्ल्याबिगर अक्का लिहीत न्हवती."

"मागल्या बारीची डाळ माझ्या घरी शिजलीच न्हाई तर ते बी छापलं तिनं," साखराबाई म्हणाली. "आमचे घरधनी महिनाभर मलाच हसले." बोलता बोलता तिनं पदर डोळ्याला लावला.

"एवढं चालतंय की," विरूपाक्ष म्हणाला. "मासिकवाले वाट बघायलेत. नाव छापणार हायत तिचं."

"नाव तिचं हाय म्हणूनच चालत न्हाई."

विरूपाक्षनं खिशातला पेन काढून आपला मजकूर खोडला. तिचं लिहिलेलं जिथं थांबलं होतं, तिथं तिचं पूर्ण नाव घातलं. त्याखाली एक ओळ लिहून ती बायांना वाचून दाखवली.

"डाळ शिजवून पाहणे राहिले आहे."

"हाव," गंगम्मा म्हणाली.