बाहेरची कडी

“कडी बाहेरून लावलीत, हे कबूल?” न्यायाधीशांनी विचारलं.

“तिच्या भल्यासाठीच लावली, साहेब,” आरोपी म्हणाला. बहीण घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करायला निघाली, म्हणून यानं तिला दिवसभर खोलीत कोंडलं होतं.

“भलं मी विचारलं नाही. तिला जिथं जायचा हक्क होता, तिथली वाट तुम्ही अडवलीत की नाही?”

दाराशी उभ्या असलेल्या पट्टेवाल्यानं मान खाली घातली. त्याचं काम नावांचा पुकारा करण्याचं. आवाज असा खणखणीत, की जिन्याखाली चहा पिणारे वकीलही अर्धा कप टाकून धावत. त्या आवाजाचा त्याच्या आईला कोण अभिमान! आज मात्र पुढच्या खटल्याचा पुकारा करताना घसा बसला.

“काय रे, आवाज घरी विसरलास की काय?” कारकुनानं चिडवलं.

तो हसला. घरी काय ठेवून आलोय, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मागे एकदा आई हमरस्त्यावर ट्रकांच्या मधोमध सापडली होती. स्वतःचं घर शोधत होती. तेव्हापासून कामावर निघताना तो बाहेरून कडी घालायचा. जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन तिला भरवायचा आणि पुन्हा कडी घालून पळायचा. दुसरा इलाज नाही, असं तो मनाला रोज बजावी, आणि मनही रोज ऐकल्यासारखं करी.

संध्याकाळी त्यानं कडी काढली. आई दारामागेच बसली होती. चपला घालून, त्याही उलट्या. दार ठोठावून बोटांची पेरं लाल झाली होती.

“अहो, मला जाऊ द्या हो,” तिनं हात जोडले. “मी काय वाईट केलंय तुमचं?”

“आई, अगं मी आहे.”

तिनं त्याला नीट न्याहाळलं. मग आवाज चढवला. “माझा मुलगा कोर्टात असतो, सांगून ठेवते. त्याला कळलं ना, तर तुमची खैर नाही!”

खाली बसून त्यानं तिच्या चपला सरळ केल्या.

“चला,” तो म्हणाला, “त्याच्याकडेच नेतो तुम्हाला.”

अंधार पडेपर्यंत ती त्याचा हात धरून हिंडली. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, “हे गृहस्थ फार चांगले आहेत हो.” ते ऐकून त्याला जास्तच मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यानं कडी हळूच सरकवली, आवाज होऊ न देता.

“कोण आहे बाहेर?” आतून आईनं विचारलं.

तो दाराशीच उभा होता. त्याला ओ देता आली नाही.