दुसरी काच

चष्मेवाल्या काकांच्या घरी दरवर्षी सर्वेवाली यायची. पाणी, दुखणीखुपणी, शेजारपाजार असे चाळीसेक प्रश्न विचारून झाले की तिच्या फॉर्मात शेवटचा उरायचा: शून्य ते दहामध्ये तुम्ही किती सुखी आहात? पहिल्यांदा आली तेव्हा पेनासाठी सगळी पिशवी उपडी करणारी कोवळी पोर होती ती. सोळा वर्षांत तिच्याही केसांत पांढरे दिसू लागले होते.

काकू दरवर्षी आठ सांगायच्या. शेजारच्या खुर्चीत नवरा बसलेला, त्याच्या तोंडावर खरा आकडा कसा सांगणार? दहा म्हटले तर कुणाला पटायचे नाही, सात म्हटले तर काका दिवसभर पिच्छा पुरवतील, "उरलेले तीन कुठे गेले गं?" म्हणून आठ. मग सर्वेवाली काकांकडे वळली की ते चष्मा पुसत म्हणत, "हिचा तोच माझा लिही. एका घरात दोन आकडे कशाला?" आणि तिघेही हसत.

काकूंना शिवणाचा क्लास काढायचा होता. तो राहिला तो राहिलाच. चाळीस वर्षे त्या काकांच्या दुकानात छडी घेऊन तक्त्यावरची अक्षरे दाखवत उभ्या राहिल्या. बाकावर बसलेली गिऱ्हाइके पुढच्याचे ऐकून अक्षरे पाठ करत आणि नंबर आला की घडाघडा म्हणून दाखवत. काका शांतपणे दुसरा तक्ता लावत. "पाठांतर छान झालं. आता वाचा." मग दोन काचा आलटूनपालटून डोळ्यापुढे धरत, "ही बरी की ही?" एकाच काचेवर कुणालाच खरे सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरी लावल्यावर पहिली कशी होती ते कळते.

यंदा सर्वेवाली आली तेव्हा काका जाऊन पाच महिने झाले होते. रिकामी दिसू नये म्हणून काकूंनी त्यांच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचल्या होत्या. घरात माणसे किती, या प्रश्नाशी सर्वेवाली अडखळली. "एक," काकूंनी आपणहून सांगितले.

शेवटच्या प्रश्नाला ‘आठ’ अगदी ओठांवर आले होते. पण काकू थांबल्या. गेल्या साली त्या चहा टाकायला आत गेल्या असताना हिने आधी काकांनाच विचारले होते; प्रश्न आत ऐकू आला होता, उत्तर नाही. तेव्हा काका काय म्हणाले, असे काकूंनी विचारले. एकाचे उत्तर दुसऱ्याला सांगायचे नाही, असा नियम होता. सर्वेवालीने जरा वेळ पेन फिरवले.

"उत्तर दिलंच नाही त्यांनी, काकू. ‘ती बाहेर येऊ दे, मग सांगतो’ म्हणाले."

म्हणजे सोळा वर्षे काकाही पाठ केलेलेच म्हणत होते. दुकानात एकेका गिऱ्हाइकाला पकडणाऱ्या या माणसाला घरातले आठ कळले नसतील? की कळूनही त्यांनी दुसरा तक्ता लावला नाही? आता विचारायचे कुणाला?

"सावकाश सांगा, काकू. घाई नाही."

"तीन," काकू म्हणाल्या. "आणि गेल्या सालचा आकडा बदलता येतो का गं?"

"नाही हो. तो केव्हाच वर गेला."

"चुकला होता तो."

आता दहा म्हणतील, असे सर्वेवालीला वाटले. माणूस गेल्यावर मागचे सगळे दहा होऊन जाते, हे तिने घरोघर पाहिले होते. पण काकूंनी चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सहा. ते होते तेव्हा सहाच होते. पण सहा म्हणजे किती असतात, हे आज कळतंय बघ."

सर्वेवालीने पेनाला टोपण लावले. मग पुन्हा काढले, आणि चौकटीत तीन लिहिले.