तीन मजले

शिंपीकाका शिलाई मशीनच्या पायाशीच कोसळले होते. गळ्यातली टेप अजून गळ्यातच होती. ॲम्ब्युलन्सवाल्या ताईने ती बाजूला सारली आणि गुडघ्यांवर बसून छाती दाबायला घेतली. तिचे ड्रायव्हरमामा रबरी पिशवीने श्वास देत होते. शॉकच्या यंत्राने पहिला झटका दिला.

“हृदय अजून थरथरतंय, मामा. पुढच्या झटक्याला येईल ठिकाणावर.”

“इथे काय मालिश करत बसलात?” काकांचा थोरला लेक ओरडला. “उचला ना! हॉस्पिटल काय चालत येणारे?”

“दादा, इथेच दाबत राहिले तर आशा आहे. जिन्यात माझे हात थांबतील.”

“बाप माझा आहे की तुमचा?”

“नवशिकी दिसतेय,” दारातून कुणी शेजारी म्हणाला.

काकू मात्र पदराने नवऱ्याचा चष्मा पुसत होत्या. “तिथे लागेल हो यांना. चष्म्याशिवाय कुणाशी धड बोलत नाहीत.”

ताईला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. पण मागच्याच महिन्यात ती अशीच एका घरात हटून बसली होती. पेशंट गेला आणि लोकांनी मामांना असं बडवलं की डाव्या कानाने त्यांना अजून नीट ऐकू येत नाही. आता लेकाचा हात मामांच्या कॉलरला गेला. मामांनी पिशवी न सोडता तिच्याकडे बघितलं.

“घ्या स्ट्रेचर,” ती म्हणाली.

तीन मजले. वळणावळणावर स्ट्रेचर उभं करावं लागलं. लेकाने डोक्याकडची बाजू धरली होती. “बाबा, पोचलोच हं, पोचलोच,” लहान मुलाला समजवावं तसा तो बापाला सांगत होता. ताईच्या हातांना जागाच नव्हती. मजला आला की ती चार वेळा दाबायची, की वरून ओरडा, “चला, चला!”

गाडीत यंत्र लावलं, तर पडद्यावर सरळ रेघ. आता झटका देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी हॉस्पिटल येईपर्यंत ती दाबत राहिली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली.

लेक तिच्याकडे येताना दिसला, तशी ती अंग चोरून उभी राहिली. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

“ताई, मघाशी तोंड सुटलं माझं. पण तुम्ही ऐकलंत, उपकार झाले. बापाला घरातच मरू दिलं, असं तरी कुणी म्हणणार नाही.”

खरं काय ते तिच्या जिभेवर आलं होतं. त्याच्या खांद्यावरून बाकावर बसलेल्या काकू दिसल्या. तिने ते गिळलं.

“तुम्ही काही कमी केलं नाहीत, दादा.”

गाडीत बसल्यावर मामांनी सुस्कारा सोडला. “आज कुणी हात उचलला नाही. यापुढे असंच करत जाऊ, पोरी. ते म्हणतील तेव्हा उचलायचं.”

त्यांना झापायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं, आपण हे जिन्यातच ठरवून टाकलंय.