रविवारसाठी घेतलेली मराठी गोष्ट

संहिताची झोप एका काळजीनं उडाली, म्हणून मी या घरात आलो. मी एक ई-रीडर बोलतोय. इंदूरला येऊन तीन आठवडे झाले. बॅटरी सतरा टक्के, अंगावर पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यानं माखलेल्या बोटांचे ठसे.

काळजी अशी. तिचे सासरे कृष्णराव इथल्याच मल्हारगंजात राहतात. छापील अक्षर त्यांना आता दिसत नाही. मागच्या महिन्यात ते सहज म्हणाले, "आता अनुष्कानंच मला एखादी मराठी गोष्ट वाचून दाखवायची." सात वर्षांची नात "हो आजोबा" म्हणाली आणि खेळायला पळाली. संहिता मात्र त्या दिवसापासून जागीच. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, घरात सगळ्याची मिसळ. आजोबांसमोर तेवढं मराठीतच बोलायचं, अशी पोरीला ताकीद. पोरगी मराठी वाचणार कुठून? आणि अडखळली तर सगळे कोणाकडे बघणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते खोक्यावरचं वाक्य, 'हजारो पुस्तकं तुमच्या हातात'. तिच्या नवऱ्यानं, परेशनं, ते मोठ्यानं वाचलं. मलाही तेव्हा ते खरं वाटलं होतं.

मग संहितानं माझ्यातल्या ऑनलाइन दुकानात 'मराठी बालकथा' असं लिहिलं. मी तिच्यापुढे काय ठेवलं? स्पर्धा परीक्षांची गाइडं, लोणच्यांचं एक पुस्तक आणि वजन कमी करायचे उपाय. एक गोष्टींचं पुस्तक सापडलं, तर ती पानांची नुसती छायाचित्रं निघाली. अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर. दुसऱ्यात जोडाक्षरं फुटलेली. शब्दावर बोट ठेवलं की मी म्हणायचो, 'अर्थ उपलब्ध नाही'. माझ्या उजेडाच्या चोवीस पायऱ्या आहेत. मराठी शब्दकोश एकही नाही.

बाईचं मागणं फार नव्हतं. घेण्याआधी चार पानं चाळता यावीत, मोठं अक्षर नीट मोठं व्हावं, आणि मराठी मागितलं की मराठी मिळावं. एवढं तर फुटपाथवरचा पुस्तकवालाही देतो.

शेवटी एक पुस्तक दिसलं. 'गजराज'. वर हत्तीचं चित्र, खाली लिहिलेलं, भाषा : मराठी. नमुन्याची पानं नव्हती. तिनं ते घेतलं, मला अनुष्काच्या हातात दिलं आणि म्हणाली, "रोज दोन पानं. रविवारी आजोबांना वाचून दाखवायचं हं."

ती घरूनच ऑफिसचं काम करते. एका कानात मीटिंग, दुसरा कान लेकीकडे. अनुष्का खडाखडा वाचायची. संहिता माइक बंद करून म्हणायची, "शाब्बास बेटा, आगे पढ़." आठ दिवस असंच चाललं. त्या आठ दिवसांत ती शांत झोपली, हे मी पाहिलंय.

रविवारी कृष्णराव आले. चहा झाला. नातीनं मला मांडीवर घेतलं आणि सुरू केलं, "एक घने जंगल में गजराज नाम का हाथी रहता था..."

कृष्णरावांनी डोळे मिटून अख्खी गोष्ट ऐकली. मग म्हणाले, "वा! काय सुरेख वाचते हो. सूनबाई, आता मराठी गोष्ट होऊन जाऊ दे."

"बाबा, हीच तर..." संहिता म्हणाली, आणि तिथेच थांबली.

परेश हसला. "मॅडम, आठ दिवस काय ऐकत होतीस?"

"तू घरात नव्हतास का?" ती म्हणाली. त्याचं हसू गेलं. कृष्णरावांनी उठताना नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते काठी घेऊन निघाले. परेश त्यांना सोडायला गेला.

संहितानं तिथल्या तिथे दुकानाकडे तक्रार केली. लगेच उत्तर आलं, 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.' त्याखाली 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून तीन हिंदी पुस्तकं. ती माझ्याकडे बघत राहिली. चूक दुकानाची होती, पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. आठ दिवस हिंदी ऐकून आपल्या कानाला काही खटकलंच नाही, हे ती कोणाकडे तक्रार करून सांगणार?

आता मी जेवणाच्या टेबलावर पालथा पडलोय. बहुतेक जुन्या चार्जरांच्या खणात जाईन. जाण्यापूर्वी एवढंच सांगतो. दुकानवाल्यांनो, पुस्तकावर भाषा लिहिण्याआधी ते एकदा उघडून बघा. आणि घरच्यांनो, मला पोराच्या हातात दिलंत म्हणजे तुमचं काम संपलं, असं धरून चालू नका. मला वाचता येत नाही. मी फक्त दाखवतो.

मला पालथं टाकल्यावर संहितानं लेकीला जवळ ओढलं. "अनु, खरं सांग, रागावणार नाही. ही गोष्ट मराठी नाही, हे तुला कळलं होतं का?"

अनुष्कानं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आजोबा गेले ना? तो अब हिंदी में बताऊँ?"